कोंबडीजाळीची खोली

“ते समदं ऱ्हाऊ दे मन्मथ. भिंतीतून जातंय का न्हाई, तेवढं सांग.”

शेषेरावांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मन्मथनं हातातला वायफायचा खोका काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी वर पंख्याकडं पाहिलं. माझ्या या नवऱ्याबरोबर बाजाराला जायचं म्हणजे एकतर मान खाली घालायची नाहीतर वर करायची. समोर बघायची सोय नसते.

मन्मथ आमच्या शिरूर अनंतपाळमध्ये घरोघरी इंटरनेट जोडून देतो. माझाच विद्यार्थी. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला होता तेव्हा पाढे म्हणताना रडायचा. आता मी त्याच्यापुढं उभी होते आणि तो समजावून सांगत होता.

“मामा, बगा. ह्या डब्यात दोन लहरी हायत, म्हणून ह्याला ड्युअल बँड म्हणत्यात. एक लांबवर जाती, भिंतीतून बी शिरती, पण सावकाश. दुसरी लई फास्ट, पण भिंत आली की बसली खाली. साध्या डब्यात ती सावकाशवालीच असती. आन गल्लीतले समदे डबे तिच्यावरच, म्हणून गर्दी व्हती.”

“म्हंजे ह्याच्यात एक अडली तर दुसरी हाय?”

“तसंच समजा.”

“मग हेच दे.”

शेषेरावांचा चेहरा खुलला. त्यांना प्रत्येक गोष्ट दोन-दोन लागते. एक बॅटरी उशाशी, एक दाराशी. एक किल्ली घरात, एक अंगणातल्या तुळशीखाली.

“पण नुसत्या डब्यानं भागत न्हाई,” मन्मथ म्हणाला. “तुमचा कॉम्प्युटर जुना. त्याला लहर धरता येत न्हाई. मागं खोचायचा ॲडॉप्टर घ्यावा लागंल, अँटिनावाला. त्यो बी ड्युअलच घ्या, न्हाईतर फास्टवाली लहर त्याला दिसायचीच न्हाई.”

“आणि वायरनं नाही का जमायचं?” मी विचारलं.

“वायर तर सगळ्यात बेस, बाई. मधल्या भिंतीला एक भोक मारलं की—”

“भोक न्हाई,” शेषेराव म्हणाले. तिथं तो विषय संपला.

आमच्या घरात एकाही भिंतीला खिळा नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला, घड्याळ फ्रिजवर, देवांचे फोटो फळीवर टेकवलेले. आमच्या लग्नाचा फोटो कपाटात साड्यांच्या खाली आहे, कारण तो लावायचा कुठं? पहिल्या वर्षी मी एकदा हातोडी घेऊन उभी राहिले, तर हा माणूस कामावरून येऊन असा धावला की मला वाटलं साप निघाला. “भिंतीला इजा करायची न्हाई,” म्हणाले. इजा! जशी काही भिंत माझी सासूच.

शेषेराव किल्लारीच्या बाजूचे. त्र्याण्णवच्या त्या पहाटे ते शेतात मोटारीपाशी झोपले होते म्हणून वाचले. घरात वडील होते आणि धाकटी बहीण अन्सा. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद. त्यातून जिवंत कोणी निघालं नाही. मी धर्माबादची. त्या पहाटे आमच्याकडं फळीवरची भांडी वाजली, आई म्हणाली मांजर असेल, आणि आम्ही कूस बदलून झोपलो. भूकंपाचा माझा अनुभव एवढाच. त्यामुळं मला बोलायचा अधिकार नाही. तरी मी बोलते, कारण राहते मी या घरात.

हे घर आम्ही घेतलं तेव्हा पुढची खोली जुन्या दगडी बांधणीची होती आणि मागं मोकळी जागा. सत्यम जन्मला आणि शेषेरावांनी मागं एक खोली बांधायला काढली. नगरपंचायतीचं पाणी सोडायचं काम करून उरलेला सगळा वेळ ते तिथं. गवंडी म्हणाला, एवढ्या लोखंडात दोन मजले उठतील. ते म्हणाले, मजला उठवायचाच न्हाई. भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, आत सळया, आणि प्लास्टर ढासळून अंगावर पडू नये म्हणून प्लास्टरच्या आत चारी बाजूंनी कोंबडीजाळी. वर स्लॅबलाही तीच. या खोलीतून घरात यायला दार नाही. एकच दार, तेही थेट अंगणात उघडणारं, म्हणजे धावलं की डोक्यावर आभाळ. खिडकीला गज नाहीत, उडी मारता यावी म्हणून. दारातून वायर टाकायची नाही, पळताना पायात येईल. खिडकीतून टाकायची नाही, त्याच कारणासाठी.

“मग नेट काय आभाळातून पडणार आहे?” मी चिडून विचारलं होतं.

“तसलंच घेऊ,” ते शांतपणे म्हणाले होते. म्हणून आम्ही मन्मथच्या दुकानात आलो होतो.

आता नेटचं एवढं का, तर सत्यमसाठी. दहावीला चांगले मार्क पडले आणि साऱ्या गावाची लेकरं जातात तसं आम्ही त्यालाही लातूरला पाठवलं. शिकवणी, हॉस्टेल, डबा. डॉक्टर व्हायचं ना! शेषेरावांचा जीव तेव्हाही थाऱ्यावर नव्हता, कारण हॉस्टेल पाच मजली. पण मी म्हटलं, तुमच्या भीतीपायी लेकराचं आयुष्य कोंडू नका. कोरोनात सगळं बंद पडलं आणि सत्यम परत आला. शर्ट खांद्यावरून घसरत होता. जेवताना मान वर करायचा नाही. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की दर आठवड्याला जिन्यात नंबरांची यादी लागायची, आणि याचा नंबर खाली खाली जायला लागला तसे खोलीतले दोघं याच्याशी बोलायचेच थांबले. भांडण नाही, काही नाही. नुसतं बोलायचं नाही.

“आई, मी अभ्यास करतो. पण परत तिथं नको,” तो म्हणाला. शेषेरावांनी लगेच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “न्हाई पाठवत. हितूनच शिक. माजा शब्द हाय.”

मेडिकलच्या प्रवेशाची पहिली परीक्षा हातची गेली. दुसऱ्या वर्षाला क्लासवाले म्हणाले, घरून शिकता येईल, पण दर आठवड्याचा पेपर कॅमेरा लावून कॉम्प्युटरवर द्यायचा. महिनाभर बघू. पेपर अर्ध्यात तुटायला लागले तर लातूरला येऊन बसायचं. म्हणजे नेट टिकलं तर लेकरू घरी राहणार, नाही टिकलं तर परत त्या जिन्यातल्या यादीपुढं. इतकं सगळं त्या डब्यावर येऊन टेकलं होतं.

तोवर दारात बसून माझ्या मोबाइलवर काम भागवणं चाललं होतं. सर तिकडून विचारायचे, “आवाज येतोय का? सगळ्यांना आवाज येतोय का?” आणि अंगणात असोत की न्हाणीत असोत, शेषेराव तिथून ओरडायचे, “येतोय, येतोय!” मी हसून बेजार. म्हटलं, “अहो, सर तुम्हाला नाही विचारत! तुम्हाला काय डॉक्टर व्हायचंय?” सत्यमही हसायचा. तो हसला की मला बरं वाटायचं, म्हणून मी मुद्दाम नक्कल करायचे. शेषेराव मात्र नुसते बघायचे आणि कामाला लागायचे. पुढच्या वेळी पुन्हा “येतोय!”

मन्मथ डबा घेऊन आला तो रविवार होता. त्यानं डबा पुढच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, हिरवा दिवा लागला, ॲडॉप्टर कॉम्प्युटरच्या मागं खोचला. मागच्या खोलीत सत्यम खुर्चीवर, मी दारात, आणि शेषेराव अंगणात, लग्नाची वरात येणार असल्यासारखे.

“फास्टवाली दिसतच न्हाई,” मन्मथ म्हणाला. मग बराच वेळ खटपट करून, “दुसरी आली, पण एकच कांडी. ती बी जाती-येती.” त्यानं भिंतीवर बोटानं टकटक केलं. “मामा, काय घातलंय हिच्यात?”

शेषेराव आत आले. सांगताना त्यांचा आवाज चढला. किती सुताची सळई, केवढ्या अंतरावर, मग जाळी, जाळीवर प्लास्टर, प्लास्टरवर पुन्हा जाळी. “हत्ती धडकला तरी हलायची न्हाई.”

मन्मथनं वर स्लॅबकडं पाहिलं. मग म्हणाला, “मामा, लोखंडच तर आडवतंय. सादी विटंची भिंत असती तर सावकाशवाली आरामात शिरली असती. पण जाळी म्हंजे… बारीक जाळीतून लहर जातच न्हाई. तुमी चारी बाजूंनी अन् वरून बी लावलीय.”

“दोन लहरी हायत म्हणलास ना?”

“दोन्ही आडत्यात.”

शेषेरावांनी भिंतीला हात लावला. मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली की रागच आला. म्हटलं, “एक भोक, बोटाएवढं. भिंत काय मरणार आहे का?”

“एका भोकापासूनच फाटती भिंत,” ते म्हणाले. “तुला न्हाई ठावं.”

मग काय, जुगाड सुरू झाले. मागच्या खोलीची खिडकी सताड उघडी ठेवली, पुढच्या खोलीतला डबा खुर्चीवर, मग स्टुलावर, मग स्टुलावर ठेवलेल्या डाळीच्या डब्यावर. खिडकीतून थोडी लहर यायची. एक कांडी, कधी दोन. शेषेराव कामावरून आले की आधी सत्यमला विचारायचे, “किती कांड्या?” जेवलास का, हे नंतर. पुढच्या खोलीत बस म्हणावं तर तिथं दगडी भिंत. एकदा मी त्याला गुपचूप तिथं बसवलं होतं, तेव्हा रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, खिडकीची काच थरथरली, आणि नेमके घरी असलेल्या शेषेरावांनी लेकराला दंडाला धरून चालू तासातून फरफटत अंगणात आणलं. स्क्रीनवर साऱ्या क्लासनं पाहिलं. सत्यम नंतर दोन दिवस कॅमेरा लावायला तयार नव्हता. “आई, पुढच्या खोलीत नको,” तोच म्हणाला. “बाबा पेपरमधून उठवतील मला.”

पहिला पेपर कसाबसा पार पडला. दुसरा तुटला. तिसऱ्याच्या दिवशी मी शाळेतून रजा काढली आणि पुढच्या खोलीत डब्यापाशी बसून राहिले, जसं काही मी बसले की दिवा विझणार नाही. शेषेराव अंगणात खिडकीसमोर उभे, पण लहरीच्या वाटेत येऊ नये म्हणून बाजूला सरकून. वारा सुटला होता. डबा हलत नव्हता, दिवा हिरवाच होता, सगळं जिथल्या तिथं होतं. आणि मागून सत्यमचा आवाज आला. मोठ्यानं नाही.

“गेलं.”

आम्ही दोघं धावलो. स्क्रीनवर एक चकती गोल गोल फिरत होती. सत्यमनं हात मांडीवर ठेवले होते. “मला सगळं येत होतं आज,” तो म्हणाला. एवढंच. तो ओरडला असता, काहीतरी फेकलं असतं तर बरं झालं असतं.

क्लासवाल्यांचा फोन आला. नियम म्हणजे नियम, लातूरला पाठवा. मी विनवण्या केल्या, मी शिक्षिका आहे, मुलगा प्रामाणिक आहे, वगैरे. ते म्हणाले, मॅडम, आमच्याकडे हजारो मुलं आहेत. शेषेराव समोर उभे राहून ऐकत होते. मी फोन ठेवल्यावर म्हणाले, “म्या शब्द दिल्ता त्याला.” मी म्हटलं, “मग मारा ना भोक!” ते निघून गेले. गावाला पाणी सोडायची वेळ झाली होती.

मी का नाही मारलं? ही काय माझी भिंत नव्हती? एका गवंड्याला बोलावलं असतं तर अर्ध्या तासाचं काम. पण मी वाट बघत राहिले की हा माणूस आज तयार होईल, उद्या तयार होईल. आणि सत्यम बॅग भरत होता.

लातूरला आम्ही दोघंही सोडायला गेलो. खोली या वेळी दुसऱ्या मजल्यावर, वर तीन मजले. शेषेरावांनी जिन्यातल्या प्रत्येक खांबावर तळहात फिरवला. एका खांबाला कोपऱ्यात चीर होती, तिथं नख घालून पाहिलं. वर जाणारी पोरं थांबून बघायला लागली. सत्यम हळूच म्हणाला, “बाबा, चला ना.” मग खाटेवर गादी टाकताना त्यांनी खाट ओढून दाराजवळ आणली. सत्यमनं अडवलं नाही. निघताना त्यानं विचारलं, “रविवारी व्हिडिओ कॉल करू का? रविवारी फोन देतात तासभर.”

“कर,” शेषेराव म्हणाले. “नेटचं म्या बगतो.”

घरी आलो. मी चहा टाकला आणि मागून ठक ठक ऐकू आलं. शेषेराव मागच्या खोलीत भिंतीसमोर बसले होते, हातात छन्नी-हातोडा. प्लास्टर निघालं, जाळी दिसली, जाळी पकडीनं कापली, पुढं सळई लागली. ब्लेडनं सळई कापायला बसले. मी दारात उभी. मला वाटलं होतं, हे बघून मला आनंद होईल. माझा संताप संताप झाला.

“आता? आता कशाला? लेकरू गेल्यावर?”

ते ब्लेड चालवत राहिले. मग बोलले ते माझ्याकडं न बघता.

“अन्सा खाली व्हती तवा आवाज येत व्हता तिचा. दगडाच्या खालून. ‘दादा, माजा आवाज येतोय का?’ म्या म्हणलं, ‘येतोय, येतोय.’ हातानं दगड काढत व्हतो. ती पुन्हा विचारायची, म्या पुन्हा सांगायचो. मग लोक पळत आले, म्हणले, शेषेराव, तिकडं बाप जिता हाय, हात दिसायलाय, चल. म्या तिला म्हणलं, आलोच. बापाला काडलं तर त्यो मेलेलाच. परत येऊन हाका मारल्या.” ब्लेड थांबलं. “तिनं विचारलं आसंल की मदी. म्या नव्हतोच सांगायला.”

लग्नाला इतकी वर्षं झाली. हे मला त्या दिवशी कळलं. आणि मी नकला करून हसवत होते. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि भिंतीतून निघालेला चुरा सुपलीत भरायला लागले. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी मन्मथनं भोकातून वायर ओढली, कॉम्प्युटरला जोडली. “आता कुटं अडायचं कारणच न्हाई मामा,” म्हणाला. अँटिनावाला ॲडॉप्टर काढून त्यानं टेबलावर ठेवला. नेट असं धावायला लागलं की विचारू नका. बसायला मात्र कोणी नव्हतं.

पहिल्या रविवारी सत्यम दिसला, चांगलं बोलला, जेवण बरं आहे म्हणाला. दुसऱ्या रविवारी थोडंच बोलला. परवाच्या रविवारी दुपारी शेषेराव वेळेच्या कितीतरी आधी खुर्चीवर जाऊन बसले. इस्त्रीचा सदरा घातलेला. मी मागं उभी राहिले. सत्यमचा चेहरा आला. डोळ्यांखाली काळं झालेलं. मागं खाट दिसली. ती पुन्हा आत भिंतीला लागली होती.

“बाबा, आवाज येतोय का?”

“येतोय, येतोय. बोल लेकरा.”

त्यानं मान वळवून मागं पाहिलं. मग म्हणाला, “बाबा, मला इथं…”

आणि चेहरा थांबला. ओठ अर्धवट उघडे, नजर खाली. आमच्याकडचं नेट चालू होतं, डब्यावरचा दिवा हिरवा होता, मी पळत जाऊन पाहून आले. तुटलं होतं ते तिकडं. शेषेराव स्क्रीनजवळ वाकून म्हणत होते, “येतोय रे. आवाज येतोय. बोल.”

थोड्या वेळानं माझ्या मोबाइलवर मेसेज आला. ‘हॉस्टेलचं नेट गेलं. काही नव्हतं सांगायचं. फोन जमा करतोय.’ मी तो वाचून दाखवला. लगेच फोन लावला, बंद होता. हॉस्टेलच्या ऑफिसात लावला, कोणी उचलला नाही. म्हटलं, “अहो, उठा. आत्ता लातूरची गाडी मिळेल. जाऊन घेऊन येऊ त्याला. नको ते डॉक्टर.”

“जा तू,” ते म्हणाले. “घिऊन ये.”

“आणि तुम्ही?”

“म्या हितं बसतो.” त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. “आवाज आला तर सांगायला कुणीतरी पायजे.”

मी वाद घातला नाही. पर्स घेतली, त्यांच्यासाठी ताट वाढून टेबलावर कॉम्प्युटरशेजारी ठेवलं आणि पुढच्या खोलीत चप्पल घालायला आले. भिंतीतल्या त्या भोकातून, वायरीच्या कडेनं, त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

“येतोय लेकरा. येतोय. म्या हितंच हाय.”